ग्लेन कर्टिस : आठ सिलिंडरांचा स्वार

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून मोटारसायकलला फटफटी म्हणतात. नाव आवाजावरून पडलेले. एक सिलिंडर, एका वेळी एक ठोका, म्हणून फट् फट्. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट गल्लीत उभी राहिली तरी पोरे तिच्याभोवती गोळा होतात. आता अशी कल्पना करा, की अशाच एका फटफटीच्या सांगाड्यात आठ सिलिंडरांचे, म्हणजे बुलेटच्या साडेबारा पट मोठे इंजिन बसविले आहे. त्याला क्लच नाही, गिअर बदलण्याची सोय नाही, आणि खाली त्या काळचे ते अरुंद टायर. अशा यंत्रावर बसणारा एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर त्या यंत्राची नस न् नस जाणणारा तरी असला पाहिजे. ग्लेन हॅमंड कर्टिस हा दुसऱ्या प्रकारचा मनुष्य होता. राइट बंधू आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात, कर्टिस भेटत नाही. भेटलाच तर राइट बंधूंचा प्रतिस्पर्धी म्हणून, आणि तोही एका ओळीत. वास्तविक त्याचे चरित्र त्या ओळीत मावणारे नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्यूका नावाचे एक लांबट सरोवर आहे. त्याच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट हे लहानसे गाव, द्राक्षाच्या मळ्यांसाठी आणि मद्यासाठी प्रसिद्ध असलेले. तेथे २१ मे १८७८ रोजी ग्लेनचा जन्म झाला. आजोबा मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, वडिलांचा धंदा घोड्यांचे साज तयार करण्याचा. ग्लेन पाच वर्षांचाही नव्हता तोच वडील गेले. पुढे धाकट्या बहिणीला, रुथाला, मेंदूज्वर झाला आणि त्यात तिची श्रवणशक्ती गेली. बहिऱ्या मुलांची शाळा रॉचेस्टर शहरात होती, म्हणून आई बिऱ्हाड तिकडे घेऊन गेली. आठव्या इयत्तेनंतर ग्लेनचे शिक्षण संपले. घरात मिळवते कोणी नाही म्हटल्यावर आणखी काय होणार? हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

रॉचेस्टरला त्याने ईस्टमन यांच्या फोटोग्राफीच्या फिल्मच्या कारखान्यात काम धरले. पुढे कोडॅक म्हणून जगभर गाजला तोच हा कारखाना. हातांनी करावयाचे तेच ते काम पाहून कंटाळलेल्या या मुलाने स्टेन्सिलचे एक यंत्र जुळविले आणि ते कारखान्यात वापरातही आले. त्यानंतर त्याने वेस्टर्न युनियन कंपनीत तारा पोहोचविणाऱ्या पोऱ्याची नोकरी धरली. तारा सायकलवरून पोहोचवायच्या असत. सायकलचा नाद लागला तो येथे. गावी आजीकडे परतल्यावर तो जत्रांतून आणि मैदानांवर सायकलच्या शर्यती जिंकू लागला. १८९८ मध्ये लीना नेफ हिच्याशी त्याचे लग्न झाले, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. मग सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले, आणि लवकरच स्वतःच्या सायकली बनवून तो त्या विकू लागला. त्यांना त्याने हर्क्युलस असे नाव दिले होते.

सायकलवाल्याच्या मनात इंजिन आले ते १९०१ च्या सुमारास. बफेलो शहरातील टॉमस कंपनीकडून त्याने टपालाने इंजिन मागविले. पेटी उघडली तो आत निव्वळ ओतीव भाग, खडबडीत, घासायचे राहिलेले, आणि जोडणी कशी करावी हे सांगणारा कागदाचा कपटाही नाही. कार्ब्युरेटर तर नव्हताच. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण करून सिलिंडरला पुरविणे हे कार्ब्युरेटरचे काम. कर्टिसने टोमॅटो सूपचा रिकामा डबा घेतला, त्यात जाळी बसविली, पेट्रोल त्या जाळीवर पसरून हवेत मिसळेल अशी योजना केली, आणि इंजिन चालले! पण त्यात जोर नव्हता. दुसरे मोठे मागविले, तर ते इतके अवजड निघाले की सायकलच्या सांगाड्याला झेपेना. तेव्हा त्याने ठरविले, की आपले इंजिन आपणच काढायचे. वजन कमी आणि ताकद जास्त, हे त्याचे सूत्र येथे ठरले आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही. पुढे जे जे घडले त्याचे मूळ या सूत्रात आहे असे मला वाटते. कारण वजनाच्या मानाने ताकद जास्त असलेले इंजिन ज्या एका वस्तूला सर्वांत जास्त हवे असते, ती वस्तू म्हणजे विमान. आणि विमान त्या वेळी जगात कोणाला बाजारात विकत मिळत नव्हते.

१९०३ साली त्याने मोटारसायकलवरून एक मैलाचे अंतर ताशी ६४ मैल वेगाने कापून विक्रम केला. १९०४ च्या जानेवारीत फ्लॉरिडात ऑर्मंडच्या समुद्रकिनाऱ्यावर दोन सिलिंडरांच्या यंत्रावर दहा मैल नऊ मिनिटांच्या आत पार केले. त्याच वर्षी टॉमस स्कॉट बाल्डविन हा बलूनवाला त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आला. कर्टिसचे मोटारसायकलचे इंजिन त्याने आपल्या कॅलिफोर्निया ॲरो नावाच्या वायुयानाला लावले आणि ३ ऑगस्ट १९०४ रोजी ओकलंड येथे ते उडवून, वळवून, परत निघाल्या जागी आणून उतरविले. अमेरिकेत असे प्रथमच घडले. म्हणजे मोटारसायकलचे इंजिन आकाशात गेले ते असे. कर्टिसला स्वतःला तोवर आकाशाचे वेड नव्हते. त्याला ते एक चांगले गिऱ्हाईक वाटले, एवढेच.

आता त्या आठ सिलिंडरांच्या यंत्राविषयी. उडत्या यंत्रांसाठी इंजिने मागणारी मंडळी वाढू लागली, तसे कर्टिसने व्ही आकारात दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर असलेले एक इंजिन काढले. हवेने थंड होणारे, सुमारे ४,४०० सी.सी.चे, चाळीस अश्वशक्तीचे. त्याची परीक्षा कशी घ्यायची? टेबलावर बांधून चालविता आले असते. पण कर्टिस शर्यतीत वाढलेला गडी. त्याने त्या इंजिनाभोवती मोटारसायकल बांधली. येथे क्रम लक्षात घेतला पाहिजे. एरवी गाडी आधी ठरते आणि तिला साजेसे इंजिन बसवितात. येथे इंजिन आधी होते आणि त्याला चाके लावायची म्हणून गाडी झाली. सांगाडा लांबविला, भक्कम केला, हँडलचे दांडे मागे ताणून आणले, कारण स्वाराला इंजिनाच्या मागे जवळजवळ आडवे व्हावे लागत होते. त्या वेळच्या मोटारसायकलींत मागचे चाक चामड्याच्या पट्ट्याने किंवा चेनने फिरत असे. एवढी ताकद पट्टा किंवा चेन सहन करणार नाही, म्हणून इंजिनातून सरळ एक लोखंडी शाफ्ट मागे काढला आणि तिरप्या दात्यांच्या गिअरने तो मागच्या चाकाला जोडला. मध्ये क्लच नाही. इंजिन फिरले की चाक फिरलेच पाहिजे, आणि चाक फिरते आहे तोवर इंजिन सुटणार नाही. एकूण वजन सुमारे सव्वाशे किलो. आजच्या पुष्कळ मोटारसायकली याहून जड असतात, हे वाचून मी वजनाचा आकडा पुन्हा पडताळून पाहिला होता.

२४ जानेवारी १९०७. जागा तीच, ऑर्मंडचा किनारा. ओहोटी लागली की तेथील वाळू ओली, सपाट आणि रस्त्यासारखी टणक होते, म्हणून वेगाचे वेडे लोक दरवर्षी तेथे जमत. मोटारसायकलच्या शर्यतीच्या कोणत्याही वर्गात हे धूड बसणारे नव्हते. शर्यती उरकल्यावर कर्टिसने ते बाहेर काढले. वेग घेण्यासाठी दोन मैल, मोजणीचा एक मैल आणि थांबण्यासाठी पुढचा एक, असा हिशेब होता. मोजणीचा मैल त्याने २६.४ सेकंदांत ओलांडला. ताशी १३६.३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर!

हा वेग त्या दिवशी किती मोठा होता याची कल्पना एकदोन आकड्यांवरून येईल. मोटारगाडीचा विक्रम त्याच किनाऱ्यावर १९०६ मध्ये फ्रेड मॅरियट याने वाफेच्या गाडीवर केलेला, ताशी सुमारे १२७ मैलांचा. जर्मनीत १९०३ साली विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या डब्याने ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला होता. राइट बंधूंचे विमान तर या वेगाच्या जवळपासही नव्हते. तेव्हा जानेवारी १९०७ मध्ये पृथ्वीच्या पाठीवर आणि पाठीपासून वर, कोणत्याही यंत्रात बसलेल्या माणसाने अनुभवलेला सर्वांत मोठा वेग हा सायकल दुरुस्त करणाऱ्या एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा होता. हे नुसते धाडस होते असे कोणी म्हणेल. पण धाडस म्हणावे तर त्याच आठवड्यात मॅरियटही त्याच वाळूवर आपला विक्रम मोडायला निघाला होता. त्याची गाडी हवेत उचलली गेली, तिचे तुकडे झाले आणि तो कसाबसा जगला. कर्टिसचेही यंत्र परतीच्या फेरीत मोडले. शाफ्टचा सांधा तुटला आणि मोकळा झालेला शाफ्ट गरगर फिरत सांगाड्यावर आदळू लागला. सांगाडा वाकला. अशा स्थितीत त्याने गाडी न पाडता थांबविली. हँडल कसे सांभाळले असेल ते तोच जाणे.

दुसरी फेरी पुरी झाली नाही आणि यंत्र कोणत्याही वर्गात बसत नव्हते, म्हणून या विक्रमावर अधिकृत शिक्का कधीच बसला नाही. तथापि मोटारगाडीला हा वेग ओलांडण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले. मोटारसायकलची अधिकृत नोंद त्यापुढे गेली ती तर १९३० च्या ऑगस्टअखेर, फ्रान्समध्ये आर्पाजों येथे. तेव्हा कर्टिसला जाऊन पाच आठवडे झाले होते. ती नोंद करणाऱ्या इंग्रज स्वाराचे आडनाव राइट होते हा निव्वळ योगायोग. त्याचा त्या बंधूंशी काही संबंध नव्हता. ऑर्मंडचे ते यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे. कर्टिस त्यावर पुन्हा कधी वेगासाठी बसला नाही. इंजिनाची परीक्षा झाली होती, आणि इंजिन पास झाले होते.

यानंतर तो विमानांकडे वळला तो टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्यामुळे. बेल यांना आपल्या पतंगवजा यंत्रासाठी हलके इंजिन हवे होते. १ ऑक्टोबर १९०७ रोजी एरियल एक्सपेरिमेंट असोसिएशन ही पाच जणांची मंडळी स्थापन झाली. त्यात बेल, कर्टिस, सैन्यातील तरुण अधिकारी सेल्फ्रिज, आणि टोरांटोहून अभियांत्रिकी शिकून आलेले मॅककर्डी व केसी बाल्डविन होते. पैसा दिला तो बेल यांच्या पत्नी मेबल यांनी. त्या लहानपणापासून बहिऱ्या होत्या आणि समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेत. ज्याच्या घरी रुथासारखी बहीण होती, त्या अबोल कर्टिसला या बाईंशी बोलणे अवघड गेले नसणार.

या मंडळीविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे. कारण आठवीपर्यंत शिकलेला कर्टिस हे उदाहरण पुढे करून, शिक्षणावाचून काही अडत नाही असे सांगणारे लोक भेटतात. कर्टिसचे स्वतःचे वर्तन याच्या उलट आहे. तो या मंडळीत गेला तेव्हा इंजिन कसे करावे हे त्याला ठाऊक होते. पंख कसा असावा, वाऱ्याचा दाब कोठे पडतो, हे नव्हते. ज्यांना गणित येत होते त्यांच्याजवळ तो बसला आणि शिकला. त्याला शाळा सोडावी लागली होती, शिकणे त्याने सोडले नव्हते. आणि ती टोरांटोची शिकलेली पोरेही हॅमंड्सपोर्टच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये हात काळे करायला येऊन राहिली, हेही तितकेच खरे.

१२ मार्च १९०८ रोजी गोठलेल्या क्यूका सरोवरावरून त्यांचे पहिले विमान, रेड विंग, ३१९ फूट उडाले. दुसरे मे महिन्यात. तिसरे जून बग. ते ४ जुलै १९०८ रोजी कर्टिसने स्वतः हजारभर लोकांसमोर पाच हजार फुटांहून अधिक उडवून सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाची ढाल जिंकली. राइट बंधू १९०३ पासून उडत होते, पण गुप्तपणे. लोकांना आधी कळवून, पंच बोलावून अमेरिकेत उड्डाण झाले ते हे पहिले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये रँस येथे जगातले पहिले मोठे विमान-संमेलन भरले. कर्टिस एकच विमान घेऊन गेला होता, बदली काही नाही, म्हणून इतर वैमानिक रोज उडत असता हा शर्यतीच्या दिवसापर्यंत जपून राहिला. वीस किलोमीटर त्याने १५ मिनिटे ५०.६ सेकंदांत कापले आणि नुकतीच इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्या ब्लेरिओला सहा सेकंदांहून कमी फरकाने हरविले. १९१० च्या २९ मे रोजी हडसन नदीवरून ऑल्बनी ते न्यूयॉर्क हे सुमारे १३७ मैलांचे अंतर, वाटेत उतरून, २ तास ५१ मिनिटे हवेत राहून पार केले आणि दहा हजार डॉलर मिळविले. खालून आगगाडीतून लीना सोबत करीत होती. १९११ च्या जानेवारीत पाण्यावरून उडणारे आणि पाण्यावर उतरणारे विमान त्याने सॅन दिएगो येथे सिद्ध केले. युजीन एलीने युद्धनौकेवर विमान उतरविले तेही त्याच महिन्यात, आणि ते विमान कर्टिसचे होते.

आता राइट बंधूंचे प्रकरण. ते टाळून कर्टिसचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विमान एका बाजूला कलले की सावरायचे कसे, हा सगळ्या विद्येचा गाभा. राइट बंधूंनी पंखांची टोके पिळून ते साधले आणि १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. बेल-कर्टिस मंडळींनी पंखांना वेगळ्या हलत्या झडपा लावल्या. राइट म्हणाले, झडपा काय आणि पिळणे काय, तत्त्व आमचे आहे. ऑगस्ट १९०९ मध्ये दावा लागला. कर्टिस १९०६ साली इंजिन विकण्याच्या निमित्ताने डेटनला जाऊन या बंधूंना भेटून आला होता, त्यामुळे त्यांच्या मनात संशय अधिकच होता. विल्बर १९१२ मध्ये विषमज्वराने गेला. १९१४ च्या जानेवारीत निकाल लागला तो राइट यांच्या बाजूने.

कायद्याने राइट यांचे म्हणणे खरे ठरले, आणि मूळ तत्त्व आधी त्यांनी हाताळले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे जगाने पंख पिळणे सोडून दिले आणि विमानांना झडपाच राहिल्या, हेही विसरता येत नाही. येथवर मी कर्टिसची बाजू घेईन. पुढची गोष्ट मात्र वेगळी. निकालानंतर त्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेच्या संमतीने त्याने प्रोफेसर लँगली यांचे १९०३ मध्ये पाण्यात कोसळलेले विमान बाहेर काढले, त्यात पुष्कळ फेरफार केले, आणि ते क्यूका सरोवरावरून थोडेसे उडवून दाखविले. हेतू उघड होता. राइट यांच्या आधी उडू शकणारे विमान होते असे सिद्ध झाले की त्यांच्या पेटंटचा पाया ढासळणार. फेरफार दडपून संस्थेने तसे जाहीरही केले. संतापलेल्या ऑर्व्हिलने आपले मूळ विमान देशाबाहेर, लंडनच्या संग्रहालयात पाठविले. संस्थेने आपले विधान मागे घेतले ते १९४२ साली, आणि विमान मायदेशी परतले १९४८ मध्ये. ज्या माणसाने ऑर्मंडला आपल्या यंत्राची एवढी सरळ परीक्षा घेतली, त्याने दुसऱ्याच्या यंत्राची अशी वाकडी परीक्षा घ्यावी याचे वाईट वाटते. ही त्याची चूक होती आणि ती लहान नव्हती.

महायुद्धात अमेरिका उतरल्यावर १९१७ मध्ये सरकारच्या आग्रहाने सर्व पेटंटे एकत्र झाली आणि भांडण मिटले. कर्टिसच्या जेनी या शिकाऊ विमानांची संख्या सहा हजारांवर गेली. त्या पिढीतले असंख्य अमेरिकन वैमानिक त्याच विमानावर शिकले. १९१९ च्या मे महिन्यात त्याच्या कारखान्याने नौदलासाठी बांधलेली एन.सी.-४ ही उडती नौका टप्प्याटप्प्याने अटलांटिक ओलांडून लिस्बनला पोहोचली.

त्यानंतर तो धंद्यातून जवळजवळ बाजूला झाला, फ्लॉरिडात जमिनी घेऊन हायालीआ, मायामी स्प्रिंग्ज आणि ओपा-लोका ही गावे वसविली. ओपा-लोकाच्या इमारतींना घुमट आणि मिनार दिले, अरबी सुरस कथांतल्यासारखे. त्यात पैसा मिळाला, पण माझ्या मते तो कर्टिस नव्हेच. १९२९ च्या जुलैत त्याच्या आणि राइट यांच्या नावाच्या कंपन्या एक होऊन कर्टिस-राइट ही कंपनी झाली. वीस वर्षे कोर्टात एकमेकांसमोर उभी राहिलेली नावे एका पाटीवर आली. याच कंपनीची हॉक जातीची विमाने पुढे बंगलोरला जोडली गेली, १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात. कर्टिसचे नाव आपल्या मातीपर्यंत आले ते एवढेच.

कोर्टाने मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. १९०९ मध्ये हॅरिंग नावाच्या भागीदाराबरोबर काढलेली कंपनी लगेच बुडाली होती, तिचा दावा हॅरिंगच्या मृत्यूनंतरही चालू होता. १९३० च्या जुलैत त्या कामासाठी कर्टिस रॉचेस्टरला आला असता त्याच्या पोटात कळ आली. अपेंडिक्स होते. बफेलोच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि २३ जुलै रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो वारला. त्याचे दफन हॅमंड्सपोर्टला झाले.